जिन्यातली चार बाकं

सोमवार, ४ मार्च

थोरले, वाचायला बसण्याआधी चष्मा शोधत घरभर फिरू नकोस, डोक्यावर बघ. सापडला? आता ऐक. ही वही लिहायला कुणी सांगितली असं तू विचारणार, म्हणून पहिल्याच पानावर नोंदवून ठेवते: तूच सांगितलंस. ‘आई, रोज काय करतेस, काय खातेस, कुठे अडतं, सगळं खरं खरं लिहवून घे. महिनाअखेरीला येईन तेव्हा वाचीन, मग ठरवू.’ काय ठरवायचं ते बोलली नाहीस, पण मोठी बॅग घेऊन येते म्हणालीस. माणूस मोठी बॅग रिकामी आणतो ती भरून न्यायला, एवढं मला अक्षरओळख नसतानाही वाचता येतं.

लिहून घेताहेत ते तळमजल्यावरचे प्रेसवाले भाऊजी. तुला आठवणार नाहीत. जन्मभर छापखान्यात बसून लोकांच्या लिखाणातल्या चुका काढल्या. आता घरी बसून चुका मिळेनात, म्हणून माझं बोलणं लिहून घ्यायला कबूल झाले. अट एकच, मी बोलते तसंच लिहायचं. ते म्हणाले, ‘वहिनी, निदान वाक्य तरी पुरं करत जा.’ मी म्हटलं, वाक्य मी पुरं करते, तुम्हीच मध्ये स्वल्पविराम घालून ते लंगडं करता.

आता खरं खरं. माझी कंबर बरी आहे. हाड जुळलं ते जुळलं, पण ते जुळायच्या आतच इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीवाला आला, पिंजऱ्यात डोकं घालून बसला आणि म्हणाला, हा भाग आता कुणी बनवत नाही. मालकाच्या ऑफिसातून निरोप आला, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे मी चौथ्या मजल्यावर आणि रस्ता खाली. भाजी टोपलीतून दोरीने वर येते. मी तेवढी टोपलीत मावत नाही.

मंगळवार, ५ मार्च

काही झालं नाही. कठड्यावर कबूतर आलं, बसलं, गेलं. भाऊजी म्हणतात, काही झालं नाही तर त्या दिवशी लिहायचं नसतं. मग आलात कशाला एवढं चढून, असं विचारलं, तर खिडकीशी उभे राहिले. रोज आले की आधी तेच करतात. वही उघडत नाहीत, पाठ करून शहर बघत राहतात. काय बघतात देव जाणे, तीच छपरं आणि त्याच पाण्याच्या टाक्या. बराच वेळ बघून झालं की मग ‘हं, बोला’ म्हणतात. माणसाला म्हातारपणी कशाची हौस लागेल सांगता येत नाही.

(हे वाक्य वगळू का, असं भाऊजी विचारताहेत. अजिबात वगळायचं नाही.)

गुरुवार, ७ मार्च

आज खाली सभा होती. मी ती वरूनच ऐकली. आमच्या कठड्याला कान लावला की तळमजल्यावर कोण शिंकलं तेसुद्धा कळतं. जिना म्हणजे एक मोठं नरसाळंच आहे.

कुठल्याशा संस्थेची एक तरुण मुलगी आली होती. तिने विचारलं, ‘या इमारतीत काय काय आहे?’ सगळे गप्प. मग एकेकाला कंठ फुटला. लिफ्ट नाही. जिन्यात दिवा नाही. पाणी वेळेवर नाही. सायकल ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, ‘नाही ते नको, आहे ते सांगा. कुणाला काय येतं?’ ‘आम्हाला काय येणार?’ एक म्हणाला. ‘मला तर काहीच येत नाही,’ दुसरी म्हणाली. अशी चढाओढ लागली की बघत राहावं. इथे राहायला येताना नालायकीचा दाखला आणायची अट होती असं वाटावं. मला हसू आवरेना. नरसाळं दोन्हीकडून चालतं हे मी विसरले. माझं हसू थेट खाली गेलं.

सभा मोडल्यावर ती मुलगी एका दमात चढून वर आली. ‘वरून कोण हसलं?’

‘मीच. तू काय लिफ्ट आणून देणार आहेस?’

‘नाही आजी. आधीच सांगते, माझ्याकडे काहीच नाही द्यायला. मी फक्त विचारायला येते.’

‘मग तू आणि मी एकाच धंद्यातल्या,’ मी म्हटलं आणि तिला बसवलं. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक इमारतीत लागेल ते निम्मं सामान आधीच पडलेलं असतं, कुणी मोजलेलं नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हटलं, ऐकायला छान आहे बाई, पण तुला कळसा सापडला का? ती म्हणाली, नाही, कुणी काख वर करायलाच तयार नाही.

मुलगी मला आवडली. तिचं नाव मी प्रश्नवाली ठेवलं.

रविवार, १० मार्च

सापडलं! थोरले, मला ते सापडलं, आणि तेसुद्धा दारात बसून.

आमच्या मजल्यावरूनच गच्चीवर जायचा जिना. रविवारी अख्खी इमारत कपडे वाळत घालायला माझ्या दारावरून जाते. मी खुर्ची दारात टाकली. ज्याच्या हातात ओल्या कपड्यांची बादली असते तो माणूस पळू शकत नाही, आणि खोटंही बोलत नाही, कारण त्याला लवकर सुटायचं असतं.

आधी मीही प्रश्नवालीसारखंच विचारत होते, तुला काय येतं? सगळ्यांचं उत्तर तेच, काही नाही. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ आले, जाड्या आणि बारक्या. लोकांची घरं हलवतात, म्हणजे कपाटं, पलंग वगैरे पाठीवर घेऊन जिने चढउतार करतात. जाड्या म्हणाला, ‘आम्हाला काय आजी, ओझी उचलायची. ते गाढवालाही येतं.’

मी कंटाळून सहज म्हटलं, ‘बरं, स्वतःचं राहू दे, शेजाऱ्याचं सांग.’

आणि धरण फुटलं. ‘तिसऱ्या मजल्यावरची ती गाद्यावाली आहे ना, आजी? आमचे ओझ्याचे पट्टे फाटले होते. तिने शिवून दिले. असा टाका कंपनीतसुद्धा घालत नाहीत. त्या पट्ट्यावर आम्ही पियानो उतरवलाय!’ बारक्याने मध्येच घातलं, ‘आणि पहिल्या मजल्यावरची, पांढरे बूट घालते ती. बाबा पडले तेव्हा तिनेच त्यांना परत चालायला शिकवलं.’

मी म्हटलं, ती तर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे ना? डबे घेऊन जाते येते! ‘छे हो, ती फिजिओ आहे. डबे तिच्या जेवणाचे असतात. फार जेवते.’

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, शेजाऱ्याची बरोबर दिसते. मग मी सगळ्यांना तसंच विचारत सुटले. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला आणि लोकांचे कपडे बादलीतच वाळले.

सोमवार, ११ मार्च

मला लिहिता येत नाही, आणि कुणाला काय येतं ते भाऊजींच्या वहीत ठेवलं तर ते त्यांच्यापाशीच राहणार. म्हणून बटणांचा डबा काढला. एकेका घराला एकेक बटण. जाड्या-बारक्यांना कोटाची दोन जाडी बटणं, पांढऱ्या बुटांच्या बाईला शिंपल्याचं, तिसऱ्या मजल्यावरच्या गाद्यावालीला काळं. काळं का ते तुला आठवत नसेल, पुढे सांगते. टेबलावर मांडून बघत बसले. कुणाचं बटण कुणाच्या शेजारी ठेवलं तर काय होईल, असा खेळ. पत्ते खेळण्यापेक्षा बरा, आणि कुणी हरत नाही.

भाऊजींचं पितळी बटण हातात धरून खूप वेळ बसले. त्यांच्याबद्दल सगळ्यांना विचारलं होतं. उत्तर एकच आलं, ‘ते? ते चुका काढतात.’ भाऊजींनी हे मान खाली घालून लिहून घेतलं. एक वेलांटीही चुकली नसणार.

बुधवार, १३ मार्च

पांढऱ्या बुटांच्या बाईला मी वर बोलावलं. तिने मला खोलीत इकडून तिकडे चालवलं, गुडघा दाबला, कंबर दाबली, आणि म्हणाली, ‘आजी, तुम्ही उतरू शकता.’

‘आणि चढणार कोण, तू?’

‘चढूही शकता. एका दमात नाही. पायात ताकद आहे, दम नाही. प्रत्येक मजल्यावर बसायला काहीतरी हवं, मग तुम्ही चौथा काय, दहावा मजलाही चढाल. घाई कुणाला आहे?’

भाऊजी लिहिता लिहिता थांबले. ‘प्रत्येक मजल्यावर?’ त्यांनी विचारलं. ‘एखाद्या नाही ना? प्रत्येक मजल्यावर असलं पाहिजे. पहिल्यावरसुद्धा. आणि अगदी खाली, दाराशीही एक.’ असे तावातावाने बोलले की जशी त्यांचीच कंबर मोडली होती. शेजारी असावा तर असा! माझी किती ती काळजी.

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘काका, तुम्ही एकदा माझ्याकडे या.’ ते म्हणाले, मला काय झालंय?

मी बटणं हलवली. जाड्या-बारक्यांकडे लाकूड. लोक घर बदलताना जुनी कपाटं फेकून देतात, ती त्यांच्या गाडीत पडलेली असतात. पांढऱ्या बुटांकडे माप. आणि गादी... काळं बटण बोटाखाली आलं आणि मी हात मागे घेतला.

गुरुवार, १४ मार्च

हे पान थोरलीने वाचायचं नाही. भाऊजी, लिहून झालं की दुमडा.

रात्री फोन आला तिचा. माझ्यासाठी खोली रंगवली म्हणे, फिकट पिवळी. खिडकी मोठी, बाथरूमला दांडा बसवलाय, सगळं तळमजल्यावर. मी विचारलं, ‘शेजारी कोण राहतं?’ ती म्हणाली, ‘आई, खरं सांगू? ठाऊक नाही. गाडी दिसते रोज.’

पोरगी वाईट नाही. भित्री आहे, आणि ती भिते ते बरोबरच आहे. मी पडले तेव्हा मीही भ्याले होते, फक्त कुणाला सांगितलं नाही. आज भाऊजी गेल्यावर, म्हणजे काल गेल्यावर, मी एकटीने पहिली पायरी उतरून बघितली. एकच. खाली बघितलं, तर जिना असा गरगरला की कठड्याला मिठी मारली. मग पायरीवरच बसून राहिले. गच्चीवर जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, ‘काय आजी, हवा खाताय?’ मी म्हटलं, हो.

बाकं झाली आणि मी उतरलेच नाही तर? अख्ख्या इमारतीला कामाला लावून मी वरच बसले तर? त्यापेक्षा पिवळी खोली बरी. तिथे निदान कुणी बघणार नाही.

भाऊजी म्हणाले, ‘दुमडू की फाडू?’ दुमडा. फाडलं तर उगाच बोलले असं होईल.

शनिवार, १६ मार्च

आता काळ्या बटणाची गोष्ट. थोरले, तू गेल्या खेपेला आलीस तेव्हा सांगितलं होतं, तू ‘हो हो’ म्हणालीस आणि विसरलीस. तिसऱ्या मजल्यावरची, माझ्या बरोबर खालची. तिने कापूस वाळत घातला होता, नव्या गादीचा. मी वर कुंड्यांना पाणी घालत होते. पाणी गळलं. कापूस भिजला. तिने मला काय म्हटलं ते भाऊजी लिहून घेत नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. आमचा संवाद एवढाच, की माझ्याकडे आवाज झाला की ती झाडूच्या दांड्याने छत ठोकते, मग मी काठीने जमीन ठोकते. ती गच्चीवरही येत नाही, माझ्या दारावरून जावं लागेल म्हणून. खिडकीतच कपडे वाळवते.

म्हणजे ओल्या कपड्यांचा सापळा इथे लागू नाही. शेवटी मी काठी घेतली आणि ठोकायला लागले. ठोकतच राहिले. थोड्या वेळाने जिन्यात पाय आपटल्याचा आवाज आला.

‘काय सांडलं आता?’

‘काही नाही सांडलं. बस.’

‘बसायला आले नाही मी.’

‘मग उभ्याने ऐक. तुझा टाका कंपनीपेक्षा पक्का आहे, त्यावर पियानो उतरतो, असं सगळी इमारत म्हणते.’

ती बसली. स्तुती ऐकायला खुर्ची लागतेच.

‘कोण म्हणतं?’

‘ज्यांनी पियानो उतरवला ते.’

मग मी बाकांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, नाकाचा शेंडा चोळला आणि म्हणाली, ‘कापूस घालायचा की फोम?’

‘तुला जे भिजलं तरी चालेल ते घाल,’ मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की संपलं, आता ही कुंडी डोक्यात घालते. आणि मग हसली. जाताना म्हणाली, ‘मावशी, तुम्ही फारच ठोकता हो.’ मावशी म्हणाली! तिच्या झाडूच्या दांड्याला कुठून कळावं की मी कुणाची मावशी आहे?

मंगळवार, १९ मार्च

पहिलं बाक तयार झालं. भाऊ दोघे घेऊन आले, कुणाच्यातरी कपाटाच्या दाराचं. आरसा होता तिथली भोकं अजून दिसतात. मला बसवलं. पाय लटकले. पहिल्यांदा शाळेत बसवलेल्या पोरीचे लटकतात तसे, आणि मी तर शाळेत गेलेच नाही.

‘हे कुणाच्या मापाचं केलंत रे?’

‘आमच्या,’ जाड्या म्हणाला. ‘अगदी आरामशीर आहे की.’

पांढऱ्या बुटांच्या बाईने कपाळावर हात मारला. एवढ्या उंचीवरून उठता येतं, पण बसता येत नाही म्हणे, आणि दुसरं केलेलं, तिसऱ्या मजल्यासाठी, एवढं बुटकं की बसता येतं पण उठता येत नाही. ते बारक्याच्या मापाचं होतं. शेवटी कपाट मोजायच्या पट्ट्याने माझा गुडघा मोजला. ‘हलू नका आजी, कोपरा धरा,’ बारक्या म्हणाला. कोपरा कुठला माझा, मेल्या?

भाऊजींनी हळूच विचारलं, ‘माझंही माप घेऊन बघता का? म्हणजे सरासरी निघेल.’ सगळ्यांना ते पटलं. सरासरी निघाली.

गुरुवार, २१ मार्च

आज उतरले!

म्हणजे उतरायला निघाले. पुढे जाड्या, मागे बारक्या, शेजारी पांढरे बूट. ‘उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी,’ बाई दर पायरीला म्हणत होती. मी म्हटलं, हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे काय ग? वर जाताना चांगल्याला पुढे करायचं आणि घसरताना लंगड्याला. ती म्हणाली, बोलू नका, दम जातो.

तिसऱ्या मजल्यावर पोचले. बाकावर जागा नाही. गाद्यावाली आणि शेजारचं नवीन बिऱ्हाड मटार सोलत बसलेलं. ‘अगो, हे माझ्यासाठी होतं!’ ‘हो हो, या ना मावशी, सरका ग.’ सरकल्या. मी बसले. चार शेंगा मीही सोलल्या. त्या नवीन बाईचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्याचं विचारलं, मग तिचं विचारलं. पांढरे बूट घड्याळाकडे बघू लागले.

दुसऱ्या मजल्यावर उतरले. त्या बाकावर कोण? प्रेसवाले भाऊजी! वही मांडीवर, टोपी गुडघ्यावर, डोळे मिटलेले.

‘अहो भाऊजी, माझं बाक!’

‘मी वरच येत होतो वहिनी.’

‘मग बसलात का?’

‘बाक तपासतोय.’

‘डोळे मिटून?’

‘चूक आधी अंगाला कळते,’ म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले. एवढ्यात प्रश्नवाली खालून आली आणि पायरीवरच बसली. मी तिला बटणांचं सगळं सांगितलं, कुणाकडे काय आहे ते. तिने सगळं ऐकलं आणि भाऊजींकडे वळली. ‘काका, सगळ्यांचं झालं. आजींचं कुणी सांगितलं नाही. यांच्याकडे काय आहे?’

मी म्हटलं, ‘माझ्याकडे मोडकं हाड आहे.’ पण भाऊजींनी तिच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. एकच वाक्य. मुलीने मान हलवली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मान हलवली. आता विचारतेय तर ते लिहीत नाहीत. म्हणतात, मी सांगितलेलं वहीत येत नाही, तुम्ही सांगितलेलं येतं. नियम तुम्हीच केलात. बघून घेईन.

गप्पा झाल्या आणि काळोख पडू लागला, तेव्हा आठवलं की मी रस्त्यावर जायला निघाले होते. पहिला मजला राहिलाच. परत वर आले. थोरले, एवढ्या दिवसांनी निघाले आणि रस्ता बघितलाच नाही, हे कुणाला खरं वाटेल?

रविवार, २४ मार्च

हे अक्षर वेगळं आहे हे तुला दिसत असेलच. मला दिसत नाही, मला सगळी सारखीच. आज गाद्यावाली लिहितेय. ती म्हणते, माझं शुद्धलेखन तपासायला कुणी नाही हे किती बरं.

भाऊजी शुक्रवारी आले नाहीत. शनिवारीही नाहीत. मी म्हटलं रागावले असतील, बाकावरून चिडवलं म्हणून. पुरुषांना डोळे मिटलेले पकडलं की राग येतो. आज सकाळीही खिडकीशी कुणी उभं राहिलं नाही. मग मी काठी घेतली आणि जमीन ठोकली. खरंच सांगते, दोनदाच ठोकली, तर ही धावत वर आली. अनवाणी. ‘काय झालं मावशी?’ झाडूचा दांडा कुठे, मी विचारलं. ती म्हणाली, कसला दांडा, तुम्ही आज हळू ठोकलंत, मला भीती वाटली.

तिनेच सांगितलं. भाऊजींच्या छातीचं काहीतरी आहे. खूप दिवसांचं. पांढऱ्या बुटांच्या बाईने शुक्रवारी धरूनच डॉक्टरकडे नेलं. झोपून राहायचं, मीठ बंद, आणि जिना तर अजिबात नाही. ‘तुम्हाला ठाऊक नव्हतं?’ गाद्यावालीने विचारलं. ‘ते रोज तुमच्याकडे येताना माझ्या दाराशी भिंतीला टेकून उभे राहायचे. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.’

मी तिला म्हटलं, हे असंच लिही: मला वाटायचं ते शहर बघतात.

मग तिला विचारलं, त्यांनी प्रश्नवालीला माझ्याबद्दल काय सांगितलं, तुला ठाऊक आहे? ती म्हणाली, हो, सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. म्हणाले, ‘या विचारतात. बाकी कुणी कुणाला विचारत नाही.’

एवढंच? मी म्हटलं. म्हणजे मी भोचक आहे, हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. एवढ्यासाठी कानात सांगायची काय गरज होती?

ती उठली. चहा तिनेच केला. साखर जास्त झाली.

सोमवार, २५ मार्च

आज उतरले. कुणाला सांगितलं नाही, नुसती निघाले. पण जिना नरसाळं आहे. मी पहिली पायरी उतरले तोवर तिसऱ्यावरची दारात होती. जिना गरगरला. म्हटलं गरगर मेल्या, मला आज वेळ नाही. दुखरा पाय आधी. तिसऱ्यावर बसले, दुसऱ्यावर बसले. बाकावर बसलेले आज आपणहून उठले, बघ, आणि कुणी एक शब्द विचारला नाही. मीही नाही. पहिल्यावर पांढऱ्या बुटांची बाई कामावर निघाली होती, ती माझ्याबरोबर खालपर्यंत आली आणि दाराशी थांबली.

भाऊजींची खोली मी कधी बघितलीच नव्हती. एवढी वर्षं एकाच इमारतीत. पलंग, टेबल, टेबलावर दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या थप्प्या. दोन कप, एक वापरातला, एक धूळ बसलेला. आणि खिडकी रस्त्याच्या उंचीला. तिच्यातून माणूस दिसत नाही, नुसते पाय दिसतात. माझ्या खिडकीत छपरं आणि यांच्या खिडकीत चपला.

ते उशीला टेकून बसले होते. मला दारात बघून उठायला लागले. मी काठी दाखवली, तसे परत टेकले. पायात ताकद होती, दम नव्हता. मी सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिले, पाठ करून.

बराच वेळ गेला. मागून आवाज आला, ‘वहिनी, तुम्हाला धाप लागलीय.’

‘मी शहर बघतेय,’ मी म्हटलं.

मी वळले नाही. खिडकीतून लाल बूट गेले, मग एक कुत्रं गेलं, मग कुणाची तरी वाजणारी चप्पल. मग भाऊजी म्हणाले, ‘हं, बोला,’ आणि उशीखालून वही काढली.

मी म्हटलं, तुम्ही झोपा, लिहायला गाद्यावाली आहे. ते म्हणाले, वही तिने नेली तशी रात्री आणून दिली, कालचं पान वाचलं मी. एका पानात एवढ्या चुका मी जन्मात बघितल्या नव्हत्या. ते थोडे हळू लिहिताहेत आज. मीही हळू बोलतेय.

बुधवार, २७ मार्च

थोरले, तू रविवारी येणार. वही वाचशील, दुमडलेलं पानही वाचशील, तू काही ऐकणारी नव्हेस. तर ऐक.

ये. मोठी बॅग आणू नकोस. मी येईन तुझ्याकडे, पिवळी खोली बघायला येईन, पाहुणी म्हणून आठ दिवस, आणि तुझ्या त्या गाडीवाल्या शेजाऱ्याचं दार ठोठावून विचारीन की तू कोण रे बाबा. तुला ते माहीत असायला हवं. पण राहायला नाही. इथे माझी रोजची ड्यूटी लागली आहे: सकाळी चार बाकं करत खाली, दुपारी चार बाकं करत वर. भाऊजींना जिना चढायचा नाही, मग वही पुरी कोण करणार? डॉक्टर म्हणाले, ते थोड्या दिवसांनी पहिल्या बाकापर्यंत चढून बघू शकतात. मी तिथे बसलेली असेन, त्यांना म्हणेन, बाक तपासतेय.

लिफ्ट अजून बंदच आहे. कुणी विचारलं नाही गेल्या आठवड्यात. प्रश्नवाली आता पलीकडच्या इमारतीत गेली आहे आणि तिथे लोकांना म्हणते, आधी शेजाऱ्याचं सांगा. माझं चोरलं. चोरू दे.

घाबरू नकोस. मीही भितेच, रोज पहिल्या पायरीला. पण आता ती एकच पायरी आहे, पुढच्या सगळ्यांवर कुणीतरी बसलेलं असतं.

आणि येताना काय आणायचं ते सांगते. तू विसरशील, म्हणून भाऊजींनी याखाली दोनदा रेघ मारली आहे. नाशपाती आण. पिकलेल्या, अगदी मऊ, सुरी न लागता तुटतील अशा. भाऊजींचे दात आणि मी, दोघांचाही भरवसा नाही. बिस्किटं आणलीस तर बिनमिठाची. आणि एक टोपली आणू नकोस, दोन आण. एक चौथ्या मजल्यापर्यंत पोचत नाही. वाटेत चार बाकं आहेत.